चिऱ्याच्या भिंतीत बॉक्स बसवण्याआधी

गोव्यात घराचं काम काढलंत की स्विचबोर्डमागे भिंतीत बसणाऱ्या बॉक्सबद्दल वायरमन पहिलं विचारतो, "बॉक्स लोखंडी की प्लास्टिकचे?" कोल्हापूरच्या सवयीने मी लोखंडी म्हणालो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पश्चिमेच्या भिंतीतला बोर्ड उघडला, तर स्क्रू बसतात ते कान गंजून सुटे झालेले.

चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. जून ते सप्टेंबर समुद्राकडचा पाऊस त्याच भिंतीला झोडपतो, किनाऱ्याजवळ खारी हवा वेगळीच. म्हणून आता माझं मत जाड पीव्हीसीच्या बॉक्सला. दुकानात बोटाने दाबून बघा. दबतो तो गिलावा करताना वाकतो, मग प्लेट बसत नाही. बॉक्स आणि प्लेट एकाच कंपनीचे घ्या. लोखंडीच हवा असेल, तर त्याला अर्थिंगची वायर जोडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

आकार मोड्यूलवर, म्हणजे प्लेटवरच्या खणांच्या संख्येवर ठरतो. साधा स्विच एक मोड्यूल, सॉकेट दोन. म्हणजे गिझरचं १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याचा स्विच मिळून ३. बॉक्स किती खोल आहे, हे मात्र कुणी बघत नाही. गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढली असेल, तर ती ताठ असते. उथळ बॉक्समध्ये कोंबली की सॉकेटमागे दाबली जाते, जोड सैल होतो आणि तापायला लागतो. ५० मिलिमीटरच्या आसपास खोली असलेला मागा.

चिऱ्यावर आधी कटर फिरवायला सांगा. नुसती छिन्नी चालवली तर ढलपाच निघतो, मग बॉक्स पुट्टीत डुगडुगतो. भोवती सिमेंट भरायचं, आणि कड तयार गिलाव्याच्या पातळीत. जुन्या मातीच्या जोडकामाच्या घरात किंवा भाड्याच्या जागेत भिंत फोडूच नका. केसिंग-कॅपिंग (भिंतीवरून वायर नेणारी झाकणाची प्लास्टिक पट्टी) आणि वरून लावायचा सरफेस बॉक्स पुरतो. बाल्कनीत, विहिरीच्या पंपाजवळ झाकणाचा, आयपी ५५ वाला (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा), वायर खालून आत जाणारा.

आणि चवथीला गणपती कुठे बसणार, ते आधी घरात विचारा. माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या मांडवीच्या) भिंतीवर ६ अँपिअरची दोन सॉकेट हवीतच. आम्ही विसरलो, दर चवथीला हॉलभर एक्स्टेन्शनची वायर, आणि तिला अडखळणारे पाहुणे.