ट्रॅव्हलमध्ये करिअर करायचंय? आधी डेस्कवर बसा

ट्रॅव्हलमध्ये का यायचंय असं विचारलं की बहुतेक नवीन मुलं "फिरायला आवडतं" असंच सांगतात. आवड हवीच हो, पण इंटरव्ह्यू घेणाऱ्याला वेगळंच बघायचं असतं, समोरच्या माणसाचे पैसे आणि सुट्ट्या तुमच्या हातात सुरक्षित राहतील का हे.

माझं स्पष्ट मत आहे की पहिली एक-दोन वर्षं व्हिसा, तिकिटिंग किंवा ऑपरेशन्सला (टूरच्या हॉटेल-गाड्यांची व्यवस्था बघणारं काम) काढावीत, आणि तीही शक्यतो छोट्या एजन्सीत. मोठ्या कंपनीत नाव मिळतं, ट्रेनिंगही व्यवस्थित असतं, पण एकाच कामाला जुंपतात. छोट्या ऑफिसात सकाळी कोटेशन, दुपारी व्हिसाची फाइल, संध्याकाळी हॉटेलचं व्हाउचर असं सगळंच अंगावर पडतं आणि त्यातूनच माणूस तयार होतो. पगार सुरुवातीला कमी असतो, ते आधीच घरी सांगून ठेवा.

मी व्हिसा डेस्कवर शिकले. शेंगेनचंच घ्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा व्हिसा, त्यातल्या चार देशांची ट्रिप असेल तर अर्ज कुठे करायचा? जिथे मुक्काम जास्त तिथे, मुक्काम सारखाच असेल तर जिथे आधी उतरणार तिथे. पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालू हवा आणि 10 वर्षांच्या आत काढलेला हवा, इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा. हे तोंडपाठ असलं की क्लायंट फोनवरच निश्चिंत होतो, आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव घेऊन विचारत येतो.

तिकिटिंगला जायचं असेल तर अमेडियस किंवा गॅलिलिओ या तिकीट बुकिंगच्या कॉम्प्युटर सिस्टिम्सपैकी एक तरी नीट शिका. अमेडियसमध्ये AN12DECBOMDXB टाकलं की 12 डिसेंबरच्या मुंबई-दुबई फ्लाइट दिसतात, एवढं सोपं आहे ते, हात बसायला वेळ लागतो इतकंच. नाव मात्र पासपोर्टवरूनच टाकायचं, आधार कार्डावरून कधीच नाही.

डिग्री हवी असेल तर आयआयटीटीएम (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट) ही केंद्र सरकारची संस्था आहे, मुख्य कॅम्पस ग्वाल्हेरला आणि एक गोव्यातही आहे. पण कॉमर्स-आर्ट्सची मुलंही या लाइनमध्ये भरपूर आहेत, त्यामुळे डिग्री नाही म्हणून अडून बसू नका.

आता सगळ्यांना हवं असलेलं काम, टूर मॅनेजर. त्याला ग्रुपमधल्या आजी-आजोबांची औषधं, कुणाचं जैन जेवण, बसमधलं सीट रोटेशन, सगळं बघावं लागतं. युरोपात कोच ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटांचा ब्रेक घ्यावाच लागतो, कायदाच आहे तो, त्यामुळे "अजून एक पॉइंट दाखवा ना" म्हणणाऱ्या पाहुण्यांना हसत नाही म्हणता यायला हवं. डेस्कवर आयटिनररी, म्हणजे टूरचा दिवसवार कार्यक्रम, बनवलेल्या माणसाला हे आधीच माहीत असतं, म्हणून तो बसमध्ये गडबडत नाही.

अर्ज कधी टाकायचा? दिवाळीचा सीझन आटोपला की लगेच. मे महिन्याच्या बुकिंगची गर्दी त्यानंतर सुरू होते आणि ऑफिसांना माणसं तेव्हाच लागतात. सीव्ही मेल करून थांबू नका, दुपारी जरा निवांत वेळ बघून थेट ऑफिसात जा, आणि सोबत स्वतः बनवलेली पाच दिवसांची एक आयटिनररी खर्चासकट घेऊन जा.