उमेदवार निवडीची प्रायमरी: नियमावली लिहिताना या चुका टाळा

संसदेचा उमेदवार सभासदांच्या मतदानातून ठरवायचा, म्हणजेच प्रायमरी घ्यायची, हा ठराव पक्षाच्या बैठकीत पाच मिनिटांत मंजूर होतो. नंतरची भांडणे बहुतेक वेळा चार कोऱ्या जागांवरून होतात: मताचा हक्क कोणाला, सभासदांची यादी कोणत्या तारखेची, नाव बाद करण्याचा अधिकार कोणाचा आणि निकाल लागल्यावर पुढे काय. मतदानाच्या दिवशी जो गोंधळ दिसतो, त्याचे मूळ त्याआधी दोन-तीन महिने घातलेले असते.

यादी गोठवण्याची तारीख उशिरा ठेवणे

सर्वात महागात पडणारी चूक हीच. आधी प्रायमरीचे वेळापत्रक जाहीर होते आणि 'मतदानाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत झालेले सभासद पात्र' असा नियम त्यानंतर येतो. मग इच्छुक प्रचार करायचे सोडून गठ्ठ्याने अर्ज भरू लागतात. त्या अर्जांतले निम्मे लोक पक्षाच्या सभेला कधी आलेले नसतात आणि पुढेही येणार नसतात.

यादी गोठवण्याची, म्हणजे नवी नावे घेणे बंद करण्याची, तारीख वेळापत्रक जाहीर होण्याच्या दिवसाआधीची असली पाहिजे. घोषणा झाल्यावर कितीही अर्ज आले तरी त्यांचा या मतदानाशी संबंध राहत नाही. शिवाय गोठवणीच्या दिवशी सभासदत्वाला किमान 90 दिवस पूर्ण झालेले असावेत. सहा महिन्यांची अट बऱ्याच पक्षांत आढळते, पण ती विद्यमान खासदाराच्या सोयीची असते, कारण जुन्या यादीतली माणसे त्याच्या ओळखीची असतात. नवा माणूस उभा राहावा असे खरेच वाटत असेल तर 90 ते 120 दिवस पुरेत.

ब्रिटनच्या लेबर पक्षात 2013 साली फॉल्कर्क मतदारसंघात सभासद भरतीवरूनच वाद पेटला. पक्षाने तिथली निवड थांबवली, शाखा केंद्राच्या देखरेखीखाली घेतली आणि 2014 मध्ये कामगार संघटनांमार्फत पक्षाशी जोडल्या जाणाऱ्यांचे नियमच बदलले.

गठ्ठ्याने भरलेले अर्ज ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. यादी स्प्रेडशीटमध्ये घेऊन तिची चार वेळा क्रमवारी लावा: मोबाइल क्रमांकानुसार, पत्त्यानुसार, वर्गणी ज्या खात्यातून आली त्यानुसार आणि नोंदणीच्या दिवसानुसार. एका क्रमांकावर तिघे-चौघे असतील तर ते कुटुंब असू शकते, पण चाळीस जण असतील तर ते एखाद्या कार्यकर्त्याचे दुकान आहे. एकाच खात्यातून साठ जणांची वर्गणी आली असेल, तर वर्गणी स्वतः भरण्याचा नियम तिथेच मोडलेला असतो. त्यानंतर प्रत्येक शाखेतून 5 टक्के नावे, किंवा किमान 100, चिठ्ठ्या टाकून काढा आणि फोन करा. प्रश्न तीनच ठेवा. तुम्ही सभासद झाला आहात का? वर्गणी कोणी भरली? सध्या कुठे राहता? कोणाला मत देणार, हा प्रश्न चुकूनही विचारू नये, नाहीतर पडताळणी करणाराच प्रचारक ठरतो.

बोगस नावे सापडल्यावर काय करायचे, ते आधीच लिहून ठेवा. इथे एक उलटी चूकही होते, ती म्हणजे चार नावांसाठी अख्ख्या शाखेला शिक्षा करणे. जर्मनीतल्या सारलँडमध्ये 2021 साली ग्रीन पक्षाने प्रतिनिधींच्या निवडीतील त्रुटींवरून सारलुई शाखेच्या सर्व प्रतिनिधींना मतदानाबाहेर ठेवले. देशाच्या निवडणूक समितीने त्यामुळे पक्षाची उमेदवारांची संपूर्ण यादीच फेटाळली आणि त्या राज्यात बुंडेस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, मतपत्रिकेवर ग्रीन पक्षाची यादी आली नाही. तेव्हा नावे एकेक करून वगळा, प्रत्येक वगळलेल्या सभासदाला कळवा आणि उत्तर द्यायला किमान तीन दिवस द्या.

कच्ची यादी मतदानाच्या 30 दिवस आधी लावा, हरकतींना 7 दिवस ठेवा आणि अंतिम यादी 15 दिवस आधी बंद करा. ती सर्व इच्छुकांना एकाच दिवशी, एकाच स्वरूपात मिळाली पाहिजे. एकाला मोबाइल क्रमांकांसह फाइल आणि दुसऱ्याला कागदाचा गठ्ठा, असे झाले तर पुढची सगळी निष्पक्षता वाया जाते.

दार किती उघडे, हे न ठरवणे

बंद प्रायमरीत फक्त सभासद मत देतात. खुल्या प्रायमरीत मतदारसंघातला कोणीही नोंदणीकृत मतदार मत देतो. अर्धवट प्रकारात 'समर्थक' म्हणून नाव नोंदवून घेतले जाते. तिन्ही चालतात, गोंधळ होतो तो 'सभासद व हितचिंतक' अशा मोघम शब्दांमुळे. हितचिंतक कोण, हे मतदान केंद्रावर बसलेल्या कार्यकर्त्याने ठरवायचे नसते.

खुला प्रकार निवडण्याआधी खर्चाचा हिशेब करा. ब्रिटिश कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने 2009 साली टॉटनेसमध्ये मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराला टपाली मतपत्रिका पाठवली. 16,497 मते परत आली, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश, आणि खर्च झाला सुमारे 38 हजार पौंड. परत आलेल्या एका मतामागे हा खर्च दोन पौंडांच्या वर जातो. छपाई, दोन्ही बाजूंचे टपाल आणि मोजणी यांची तरतूद नसेल, तर अर्ध्या मतदारसंघाला मतपत्रिका पोहोचणार नाहीत आणि त्या प्रायमरीला 'खुली' म्हणण्यात काही अर्थ उरणार नाही.

छाननी उशिरा करणे किंवा तिचे हत्यार करणे

वयाची अट, कायद्याने येणारी अपात्रता, प्रलंबित खटले, थकबाकी, दुहेरी नागरिकत्व हे सगळे प्रचार सुरू होण्याआधी तपासून संपवा. विजेता निवडून आल्यावर त्याची फाइल उघडली, तर त्याला बाजूला करणे हे सभासदांच्या मताला लाथाडणे होते आणि ठेवणे म्हणजे निवडणुकीत विरोधकाला आयता मुद्दा देणे.

दुसऱ्या टोकाला छाननी समिती नको असलेला प्रतिस्पर्धी गाळण्यासाठी वापरली जाते. 'पक्षाच्या विचारधारेशी सुसंगत नाही' असे कारण देऊन कोणालाही बाद करता येते, म्हणून बाद करण्याची कारणे नियमावलीत मोजून लिहा आणि त्या बाहेर जाऊ नका. निर्णय लेखी, 48 तासांत, कारणासह. समितीत कोणत्याही इच्छुकाचा नातेवाईक, पगारी सहकारी किंवा जामीनदार नको.

'सर्वाधिक मते मिळतील तो' एवढेच लिहिणे

दोनच इच्छुक असतील तर हे वाक्य पुरते. सहा असतील तर काय होते ते पाहा. वैध मते 1000 आणि विभागणी 240, 215, 190, 155, 120, 80. जिंकणाऱ्याला 24 टक्के मिळाले आणि 760 जणांनी दुसऱ्या कोणाला मत दिले. हे 760 जण मनापासून प्रचाराला उतरतील, ही अपेक्षा भाबडी आहे.

उपाय दोन. पहिल्या दोघांत पुन्हा मतदान घ्या. त्यासाठी आणखी 7 ते 10 दिवस आणि तेवढाच खर्च लागतो. किंवा पसंतीक्रमाचे मतदान घ्या. त्यात मतदार 1, 2, 3 असे आकडे लिहितो, शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, पण त्याचा नियम लिहिताना हमखास एक घोळ होतो. 'एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक' असे लिहिले जाते. अनेक मतदार पहिलीच पसंती देऊन थांबतात, त्यामुळे फेऱ्या पुढे जातील तशी मते संपत जातात. शेवटच्या फेरीत 468 विरुद्ध 432 उरले आणि 100 मते संपलेली असली, तर 501 कोणालाच मिळत नाहीत आणि समितीची रात्र भांडणात जाते. नियम असा हवा: 'त्या फेरीत शिल्लक असलेल्या वैध मतांच्या निम्म्याहून अधिक', म्हणजे इथे 451. तळाच्या दोघांची मते समान असतील तर आधीच्या फेरीत कमी मते असलेला बाद. तिथेही समान असतील तर चिठ्ठी.

जिथे यादी पद्धतीची निवडणूक असते, म्हणजे पक्ष क्रमाने नावांची यादी देतो, तिथे एका मतदाराने किती नावांवर खूण करायची हा आकडा जपून ठरवा. जागांइतक्याच खुणा दिल्या की गट आपापली पॅनेल छापून वाटतात आणि 51 टक्क्यांचा गट जवळपास सगळ्या वरच्या जागा घेतो.

मतपत्रिका आणि ताळमेळ

केनियात एप्रिल 2017 मध्ये जुबिली पक्षाच्या प्रायमरीला अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, मतपत्रिका पुरल्या नाहीत आणि अनेक ठिकाणी मतदान थांबवून पुन्हा घ्यावे लागले. अंतिम यादी पक्की नसताना छपाई अंदाजाने केली की असेच होणार. प्रत्येक केंद्राला यादीतल्या नावांइतक्या मतपत्रिका अधिक 5 टक्के, हा हिशेब ठेवा. क्रमांक काउंटरफॉइलवर, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्यावर, असावा. मतपत्रिकेवर तो आला की गुप्तता संपली.

मोजणी सुरू करण्याआधी ताळमेळ घ्या. केंद्राला 600 मतपत्रिका मिळाल्या, 188 कोऱ्या उरल्या, 4 खराब होऊन परत आल्या, तर पेटीत 408 असल्या पाहिजेत आणि यादीवर खुणाही 408. उमेदवारनिहाय गठ्ठे करण्याआधी सगळ्या मतपत्रिका पालथ्या ठेवून नुसत्या मोजा. पेटीत 411 निघाल्या तर? मतदारसंघातला विजयाचा फरक तीनपेक्षा जास्त असेल तर नोंद करून पुढे जा. तीन किंवा कमी असेल तर त्या केंद्रावर फेरमतदान. हा नियम आकडे दिसण्याआधी लिहिलेला असेल तरच लोक मानतात.

ऑनलाइन मतदानात कागदाची कटकट नाही, पण एका मोबाइलवर एकच मत हा नियम कुटुंबाच्या सामायिक फोनपाशी अडतो. क्रमांक बदलण्याची मुदत अंतिम यादीबरोबरच संपवा. यंत्रणेचा पासवर्ड दोन वेगवेगळ्या गटांच्या माणसांत विभागून द्या, आणि मतदान सुरू असताना कोणाला किती मते पडली ते कोणालाच दिसू नये.

अपीलाला वेळच न ठेवणे

वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजत लिहा. निवडणुकीचा उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस धरा. त्याच्या 10 दिवस आधी सर्व अपिले निकाली निघाली पाहिजेत. निकालानंतर 48 तासांत तक्रार, पुढच्या 4 दिवसांत सुनावणी आणि निर्णय, 3 दिवस राखीव. म्हणजे मतदान शेवटच्या दिवसाच्या 20 दिवस आधी. कच्ची यादी 50 दिवस आधी, घोषणा 60 दिवस आधी. पहिल्या दोघांत पुन्हा मतदानाचा पर्याय ठेवला असेल तर हे सगळे आणखी 10 दिवसांनी मागे सरकते. आणि निवड समितीतलाच माणूस अपील समितीत बसला, तर अपील कितीही वेळेत संपले तरी उपयोग नाही.

शेवटचे दहा दिवस चैनीचे नाहीत. भारतात पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारे ए आणि बी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत पोहोचले नाहीत, तर प्रायमरी जिंकलेलाही पक्षाच्या चिन्हाला मुकतो. आणि उमेदवारीच्या पत्रावर सही कोणाची हेही स्पष्ट हवे. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये 2023 साली एएफडी पक्षाच्या दोन गटांनी आपापली यादी दाखल केली. दोन्ही फेटाळल्या गेल्या आणि पक्ष राज्याच्या निवडणुकीबाहेर राहिला.

इतिवृत्त म्हणजे उपचार समजणे

जर्मन कायद्यानुसार उमेदवारी अर्जासोबत निवड सभेचे इतिवृत्त द्यावे लागते: सभा कुठे व कधी झाली, निमंत्रण कसे दिले, किती सभासद हजर होते, मतदानाचा आकडा काय. मतदान गुप्त झाले आणि इच्छुकांना आपली बाजू मांडायला वाजवी वेळ मिळाला, याची शपथपूर्वक हमी सभाप्रमुखासह तिघे देतात. कायद्याची सक्ती नसली तरी हा नमुना उचलावा. हॅम्बुर्गमध्ये सीडीयू या पक्षाची उमेदवार निवड लोकशाही पद्धतीने झाली नाही म्हणून तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 1993 साली राज्याची 1991 ची निवडणूकच रद्द ठरवली होती.

विजेत्याने माघार घेतली तर?

काँग्रेसने 2014 च्या लोकसभा निवडणुकीत मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. वडोदऱ्यात त्यातून नरेंद्र रावत निवडले गेले. पण भाजपने तिथे नरेंद्र मोदींची उमेदवारी जाहीर केल्यावर ते बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री उभे राहिले. अशा वेळी उमेदवार कोण ठरवणार, हे नियमावलीत नसेल तर निर्णय आपोआप श्रेष्ठींकडे जातो.

'दुसऱ्या क्रमांकाला तिकीट' हा सोपा नियम पसंतीक्रमाच्या मतदानात चुकीचा निकाल देऊ शकतो. विजेत्याचे नाव वगळून त्याच मतपत्रिका पहिल्यापासून पुन्हा मोजल्या, तर तिसऱ्या क्रमांकाचा इच्छुकही वर येऊ शकतो. फेरमोजणीचा नियम ठेवायचा असेल, तर मोजणीनंतर मतपत्रिका सर्व इच्छुकांच्या प्रतिनिधींच्या सह्यांनी सीलबंद करा आणि अर्ज माघारीची मुदत संपेपर्यंत नष्ट करू नका.