सिगार लागतो तेव्हा: फुल-बॉडीड सिगार ओढायला आणि पारखायला शिकताना

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: "फुल बॉडी. काळा, कडक, जळजळीत." त्याखाली काहीच नाही, कारण पुढचा पाऊण तास मी थंड घामाने भिजून फरशीवर आडवी पडले होते. तंबाखू लागणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. त्या नोंदीतला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा होता, हे कळायला मात्र आणखी वर्ष गेलं.

कापणं, पेटवणं, धूर छातीत न घेणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला गाठलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

कडकपणा, भरीवपणा आणि स्वाद या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा म्हणजे निकोटिन. तो जिभेला नाही, अंगाला कळतो: पोटात, कपाळावर, बोटांच्या टोकांत. भरीवपणा, म्हणजेच बॉडी, ही धुराची तोंडातली घनता. साधं पाणी आणि साय न काढलेलं दूध आलटूनपालटून तोंडात घोळवून बघा, जडपणातला फरक लगेच कळेल. धूरही तसाच पातळ किंवा दाट असतो. आणि स्वाद म्हणजे मिरी, कोको, चामडं, देवदार, ओली माती, जे जाणवेल ते. दाट धुराचा सिगार निकोटिनला सौम्य असू शकतो, आणि पातळ धुराचा सिगार माणसाला आडवा करू शकतो. मी तिन्हींना मिळून "कडक" म्हणत होते.

आता तो सापळा. हे जरा लांबवून सांगते, कारण इथेच मी पडले. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. पण सिगारेटसारखं काही सेकंदांत नाही. ते हळूहळू साचत राहतं. पहिली वीस मिनिटं मला काहीच झालं नाही. मनात आलं, हा तर हलकाच दिसतोय. म्हणून झुरके वाढवले. झुरके वाढवले की निखारा तापतो, तंबाखू भाजण्याऐवजी करपते आणि धूर कडवट, बोचरा होतो. त्या करपलेपणालाच मी भरीवपणा समजले आणि खूश होऊन आणखी जोरात ओढलं. तोपर्यंत आधीच्या वीस मिनिटांचं निकोटिन चढायला लागलं होतं. आधी तोंडाला पाणी सुटलं, मग उचकी, मग मळमळ. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शिवाय सिगार आखूड होत गेला की धूर आणखी गरम आणि तीव्र होत जातो, म्हणजे सगळं एकाच वेळी अंगावर आलं. मी पारख केली ती सिगारची नव्हे, माझ्या घाईची.

काळ्या रंगानेही फसवलं. मादुरो रॅपर, म्हणजे सिगारवर सर्वात बाहेरून गुंडाळलेलं काळपट पान. त्याचा गडद रंग येतो तो पानाच्या जातीमुळे आणि जास्त दिवस, जास्त उष्णतेत मुरवल्यामुळे. त्यावरून कडकपणा ठरत नाही. कित्येक मादुरो गोडसर आणि मऊ लागतात. खरा जोर बहुधा फिलरमध्ये, म्हणजे आत भरलेल्या पानांत असतो, त्यातही लिहेरो पानात. झाडाच्या शेंड्याकडचं, सर्वात जास्त ऊन खाल्लेलं हे जाड, तेलकट पान. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ "हलका" असा आहे, त्यावर जाऊ नका. ते सावकाश जळतं म्हणून वळताना मधोमध ठेवतात. राख पडल्यावर निखारा पेन्सिलीच्या टोकासारखा निमुळता दिसला, तर मधलं पान मागे राहून जळतंय असं समजा. निकाराग्वातल्या एस्तेलीची पानं जोरदार म्हणून ओळखली जातात, तिथलं लिहेरो असेल तर आधी जेवा.

खरंच आधी जेवा. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. पाच इंची, पन्नास रिंगचा, म्हणजे 50/64 इंच जाडीचा रोबुस्तो असेल तर तास हाताशी ठेवा. निखाऱ्यामागे इंचभर अंतरावर दोन बोटांनी हलकेच धरा. तिथे चटका बसत असेल किंवा सिगार मऊ पडला असेल तर खाली ठेवा आणि दोन मिनिटं विसरून जा. ह्युमिडॉरमधली, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीतली आर्द्रता मी 65 ते 69 टक्क्यांत ठेवते. ओला सिगार नीट ओढला जात नाही, आणि मग माणूस पुन्हा जोर लावतो.

मला सुरुवातीला शिकवणारे म्हणायचे, "सवय होईल, याहून कडक घे." हा सल्ला मला आजही पटत नाही. अंगाला सवय झाली म्हणून जीभ तयार होत नाही. गुणांकनाचे आकडे वाचून सिगार निवडणंही मला मान्य नाही. दुसऱ्याचे 93 गुण तुमच्या तोंडात कोणताच स्वाद आणून देत नाहीत. एकाच प्रकारचा सिगार पाच वेळा, पाच वेगळ्या दिवशी ओढा. सिगारच्या लांबीचे तीन भाग धरा आणि प्रत्येक तृतीयांशात एकदाच थोडा धूर नाकावाटे सोडा. मिरी आणि देवदार मला तिथेच पहिल्यांदा सापडले. वहीत कडकपणा, भरीवपणा, स्वाद असे तीन रकाने आखा.

लागलाच तर घाबरू नका. सिगार ठेवा, मोकळ्या हवेत बसा, साखरेचं पाणी घोट घोट घ्या. माझ्या बाबतीत तासाभरात उतरतं. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर मात्र थेट डॉक्टर. आणि हेही स्पष्ट सांगते: धूर आत न घेतल्याने तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग टळत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये. मी महिन्यातून दोनच ओढते, आणि ते गणित मोडत नाही.

गेल्या महिन्यात तोच पहिला सिगार पुन्हा घेतला. जेवून, सव्वा तास लावून. कडकपणा: जास्त, दुसऱ्या तृतीयांशापासून. भरीवपणा: मध्यम. स्वाद: कोको, शेवटी थोडी भाजक्या बदामाची चव. "जळजळीत" लिहावं असं काही सापडलं नाही.