शाळेची परसबाग मे महिन्यात मरते: या चुका टाळा

परसबागेचे फोटो ऑगस्टात निघतात. पुढच्या जूनच्या अखेरीस शाळा उघडते, तेव्हा वाफ्यात बकऱ्या बसलेल्या असतात. आमच्याकडे हे दोनदा झालं.

पहिली चूक माझीच. पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं बाग-शेती आखण्याच्या पद्धतीच्या, चित्रांत असतात तसे उताराला आडवे चर खणले आणि चराच्या पोटातच पपई लावली. पण आपली जमीन काळी, भारी. पाणी प्यायली की फुगते, मग पाणी खाली मुरत नाही. पोळ्यापर्यंत पानं पिवळी पडली. पाणी कमी पडलं असेल म्हणून मुलांनी आणखी बादल्या ओतल्या. रोप हलवलं तर हातातच आलं. मूळ काळं, बुळबुळीत. पर्माकल्चर मांडणाऱ्या दोघांपैकी डेव्हिड होल्मग्रेन यांच्या बारा तत्त्वांत पहिलंच तत्त्व निरीक्षणाचं आहे. आम्ही मात्र आधी सब्बल (पहार) उचलली. मोठा पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनीही जिथं पाणी दिसतं, तिथं फक्त अळू लावा. पपई, लिंबू, वांगी उंच वरंब्यावर. चराच्या एका टोकाला जादा पाणी निघून जायला वाट ठेवा.

दुसरी चूक हात धुण्याच्या पाण्याची. ते केळीला सोडणं उत्तमच, पण शाळेला सुट्टी लागली की ते पाणीही बंद होतं, तेही ४५ अंशांच्या उन्हात. आवारातल्या हातपंपावर मात्र गाव उन्हाळाभर पाणी भरतं. केळी त्या सांडपाण्यावर हलवली, जगली. बाकी झाडं शेवगा, सीताफळ, कढीपत्ता अशी काटक घ्या. नव्या रोपाशेजारी बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि ते कोण भरणार, हे परीक्षेआधीच ठरवा. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) हिवाळ्यातच उरकून घ्या.

आच्छादनाला सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चांगलं, पण खोडापासून चार बोटं दूर ठेवा, नाहीतर खोड सडतं. गाजरगवत फुलावर आलेलं असेल तर ते अजिबात घालू नका.

कुंपणाला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, फुकट मिळतात. त्यावर वाळकी बोंडं राहिली, तर त्यातली गुलाबी बोंडअळी शेजारच्या कपाशीत जाते आणि शेतकऱ्याच्या शिव्या गुरुजींना. बोंडं तोडून जाळा, मगच काड्या रोवा.

वानरांवर उपाय सापडलेला नाही. पपई पिकायच्या आधीच उतरवतो, एवढंच.