मित्रांबरोबर नाशिकचा एक दिवस: आधी गंगा, मग लेणी, मिसळ त्यानंतरच

नाशिकचा दिवस फसतो तो बहुतेक वेळा मिसळीमुळे. सकाळी आठला गाडीतून उतरायचं, थेट मिसळीवर बसायचं, तिसऱ्यांदा रस्सा मागवायचा आणि मग पांडवलेणीच्या पायऱ्यांशी उभं राहून एकमेकांची तोंडं बघायची. त्यामुळे क्रम पोटाच्या हिशोबाने लावा. पहाटे पंचवटी, मग लेणी, त्यानंतर मिसळ, दुपारी गंगापूर रस्ता आणि संध्याकाळी जुनं नाशिक. त्र्यंबकेश्वर या दिवसात कोंबू नका. अंतर तीसेक किलोमीटरच आहे, पण दर्शनाची रांग अर्धा दिवस खाते.

साडेसहाच्या आत रामकुंडावर पोहोचा. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून पत्ता विचारताना ‘गंगेवर कसं जायचं’ असं विचारलं तरी चालतं. गाडी घाटाच्या गल्लीबोळात घालू नका, अलीकडे लावून चालत या. बुधवारी नदीकाठी बाजार भरतो, त्या दिवशी तर गाडीचा विचारच नको. दुतोंड्या मारुती आधी बघून ठेवा. पावसाळ्यात गंगेचा पूर किती चढला हे अख्खं शहर त्याच्यावरून मोजतं. पाणी कमरेला, छातीला, खांद्याला, असा तो हिशोब. नारोशंकराच्या देवळाची घंटा आणि नंदी नसलेला कपालेश्वर हाकेच्या अंतरावर आहेत. पूजा करायची नसेल तर विचारणाऱ्याला पहिल्यांदाच स्पष्ट नाही म्हणा. ‘बघू नंतर’ म्हटलं की तो माणूस सोबतच चालायला लागतो. शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर फोटोसाठी उतरू नका.

काळाराम मंदिर सकाळीच करायचं कारण साधं आहे. आवार काळ्या दगडाचं आणि पाय अनवाणी, उन्हाळ्यात दुपारी तिथे उड्या माराव्या लागतात. मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो इथेच, म्हणून दर्शन घेऊन लगेच न पळता दरवाजाशी दोन मिनिटं थांबा. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. गुडघ्यांचा किंवा दम लागण्याचा त्रास असलेल्यांनी बाहेरच्या वडांखाली बसावं, आणि पाठीवरची सॅकही त्यांच्याकडेच द्यावी. तोपर्यंत पोटात फक्त चहा-बिस्किटं.

सव्वाआठला निघालात तर द्वारकेच्या चौकातली गर्दी वाढायच्या आत मुंबईच्या दिशेने बाहेर पडाल. पांडवलेणीच्या पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत. माणशी एक लिटर पाणी आणि पकड असलेली चप्पल किंवा बूट एवढं पुरे. लेणी २४ आहेत. सगळी सारख्याच वेगाने बघत गेलं की दहाव्या लेण्यापर्यंत गट पांगतो आणि मोबाइल निघतात. तीन लेणी धरा: ३, १० आणि १८.

तीन नंबरचं लेणं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं, गौतमी बलश्रीचं. व्हरांड्याखाली वाकून बघा, दगडी यक्ष अख्खं लेणं खांद्यावर पेलून उभे आहेत. तिच्या लेखात मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचं म्हटलंय. अठरा नंबर हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन.

खरी गंमत दहा नंबरला. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, १००० वर शेकडा पाऊण. पहिल्या रकमेतून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. करून बघा: महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले वीस. हिशोब चोख बसतो. मुदत ठेवीची पावती भिंतीवर कोरून ठेवल्यासारखं आहे. ब्राह्मी वाचता आली नाही तरी मित्रांना एवढं सांगितलं की लेणं बोलायला लागतं.

आता मिसळ. दहा-सव्वादहाला खाली उतरलात की अंबड-सातपूरमार्गे गंगापूर रस्त्याकडे जा. चुलीवरच्या मिसळीची मोठी ठिकाणं त्याच बाजूला आहेत. रविवारी अकरानंतर गेलात तर नंबर लावून बसावं लागतं. काळ्या मसाल्याचा रस्सा आधी चमचाभर चाखा. सगळी शेव एकदम ओतू नका, तिचा लगदा होतो. थोडी घाला, खा, परत घाला. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, दही खा. दही नको असलेल्याने मध्येच जिलबीचा तुकडा घ्यावा. माणशी एक प्लेट आणि दोन पाव, त्याहून जास्त नको. दुपारचं जेवण आज नाही, हे इथेच ठरवून टाका.

भर दुपार सोमेश्वरच्या झाडीत काढा. जवळचा धबधबा पाहण्यासारखा असतो तो पावसाळ्यात, धरणातून पाणी सुटल्यावर. एप्रिलमध्ये तिथे खडक बघायला मिळतात.

तीनच्या सुमारास वायनरी. सुला ही वायनरी आहे ते गाव तेच गोवर्धन, म्हणजे सकाळी वाचलेल्या ठेवीच्या गावातच येऊन पोहोचता. शनिवार-रविवारी आधी बुकिंग करा. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा, आणि तो दिवस ड्राय डे नाही ना हेही बघा. टेस्टिंगमध्ये आधी पांढरी, मग लाल, ग्लास दांडीला धरायचा. गाडी चालवणारा कोण हे सकाळीच ठरवा आणि त्याने फक्त वासावर भागवावं. द्राक्षं वेलीवर बघायची तर जानेवारी ते मार्च. पण तोडून तोंडात टाकू नका, फवारणी कधी झालीय ते आपल्याला माहीत नसतं.

सातला जुन्या नाशकात परत. गाडी शालिमारच्या बाजूला लावून मेन रोड, सराफ बाजार पायी करा. साबुदाणा वडा दोघांत एक, जिलबी पाव किलो पाच जणांत पुरते. तांब्या-पितळेची भांडी घ्यायची तर वजनावर भाव विचारा. स्वयंपाकासाठी असेल तर आत कल्हई आहे का ते उजेडात तिरकं धरून पाहा. चिवडा शेवटी घ्या आणि एक किलोचं एकच पाकीट घेण्याऐवजी पावपाव किलोची चार घ्या. तळलेल्या कांद्याचा चिवडा उघड्या पाकिटात दुसऱ्याच दिवशी मऊ पडतो. शिवाय गाडीत एक पाकीट फुटणारच, बाकीची तीन तरी घरी पोहोचतील.