अग्निशमन दलाचं ड्युटी वेळापत्रक बदलताय? मग या चुका टाळा

फायर स्टेशनच्या मेसमध्ये नव्या ड्युटी चार्टचा नमुना लागला की पहिल्या पाच मिनिटांत काय होतं, ते मी तीन वेळा पाहिलंय. प्रत्येक जण आपल्या पाळीचा रंग शोधतो आणि बोटाने सुट्या मोजायला लागतो. मुलाचा वाढदिवस कुठल्या चौकोनात येतोय, बहिणीचं लग्न ड्युटीत अडकतंय का. यात चुकीचं काही नाही, घर सगळ्यांनाच आहे. पण त्या चार्टवर रात्र दिसत नाही. आपल्या कामात माणूस मोडतो तो रात्री, आणि वेळापत्रकाचा निकालही रात्रीच लागतो. म्हणून नव्या चार्टवर मत देण्याआधी, किंवा तुम्ही तो आखणारे अधिकारी असाल तर आखण्याआधी, पुढच्या चुका बघून घ्या.

सुट्या मोजल्या, तास मोजलेच नाहीत

२४ तास काम आणि ४८ तास सुटी, ही तीन पाळ्यांची, म्हणजे जवानांच्या तीन गटांची जुनी पद्धत. त्याऐवजी सलग ४८ तास काम आणि ९६ तास सुटी घ्यावी, असा प्रस्ताव येतो. अमेरिकेतल्या बऱ्याच दलांनी तो स्वीकारलाही आहे. सलग चार दिवस घरी, हे ऐकायला फार छान वाटतं. पण हिशेब मांडा. दोन्हींत आठवड्याची सरासरी ५६ तासच येते आणि वर्षाचे तास २,९२०च राहतात. कमी होतात त्या फक्त फेऱ्या: वर्षाला साधारण १२२ वेळा ड्युटीवर यायचं, ते ६१ वेळा यावं लागतं. लांबून येणाऱ्यासाठी हा खरा फायदा आहे. मात्र ‘काम कमी झालं’ असं समजून कोणी हात वर करत असेल, तर त्याला आधीच सांगा, काम तेवढंच आहे.

तास खरोखर कमी करायचे तर वाटा वेगळ्या. २४ तास काम आणि ७२ तास सुटी घेतली की आठवडा ४२ तासांचा होतो, पण त्याला चौथी पाळी लागते. ब्रिटनमधली दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या आणि चार दिवस सुटी ही पद्धतही ४२ तासांचीच. तिथे परंपरेने दिवस ९ तासांचा आणि रात्र १५ तासांची असते. मधला मार्ग म्हणजे २४/४८ तशीच ठेवून ठरावीक ड्युटीनंतर एक ड्युटी माफ करणं. दर सातवी ड्युटी माफ केली की ५६ तासांचे ४८ होतात. अमेरिकेत या माफ दिवसाला ‘केली डे’ म्हणतात, शिकागोचे महापौर एडवर्ड केली यांच्या नावावरून.

दुसऱ्याचं वेळापत्रक उचललं, आपलं वर्दीचं (मदतीसाठी आलेल्या कॉलचं) रजिस्टर उघडलंच नाही

ही सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

शेजारच्या दलात ४८ तासांची ड्युटी मस्त चालली आहे, असं कळतं. पण तिथे मध्यरात्रीनंतर आठवड्याला दोन वर्द्या येत असतील आणि तुमच्याकडे एका रात्रीत चार, तर ती दोन वेगळी कामं आहेत. संपूर्ण दलाची सरासरीही इथे उपयोगाची नाही. एकाच दलात एक स्टेशन रात्रभर शांत असतं आणि दुसऱ्याच्या गाडीचं इंजिन थंडच होत नाही. सरासरी काढली की दोन्ही ‘मध्यम’ दिसतात.

किमान तीन महिन्यांचं, जमलं तर वर्षाचं रजिस्टर घ्या. प्रत्येक स्टेशनसाठी रात्री ११ ते सकाळी ६ मधल्या वर्द्या वेगळ्या काढा. नुसती संख्या मांडू नका, झोपेचा सगळ्यात लांब सलग तुकडा किती मिळाला ते मांडा. का, ते एका रात्रीवरून सांगतो.

जवान सव्वाअकराला झोपला. १२.४०ला घंटा झाली. काम किरकोळ होतं, ४० मिनिटांत गाडी परत. पण परत आल्यावर टाकी भरायची, होज (पाण्याचे पाइप) गुंडाळायचे, बी.ए. सेट (धुरात श्वास घ्यायचं उपकरण) पुसून जागेवर लावायचा, हातपाय धुवायचे, रजिस्टर भरायचं, पावणेदोन झाले. छातीतली धडधड शांत होऊन डोळा लागेपर्यंत सव्वादोन. ३.१५ला पुन्हा घंटा. परत येऊन आवरून पडेपर्यंत ४.२०, झोप लागेपर्यंत पावणेपाच, आणि सहाला उठायचं. रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं: दोन वर्द्या, एकूण ८० मिनिटं. कागदावर ही हलकी रात्र. प्रत्यक्षात सात तासांतली झोप ३ तास ४० मिनिटं, आणि सगळ्यात लांब तुकडा १ तास २५ मिनिटांचा. झोपेचं एक पूर्ण चक्र साधारण दीड तासाचं असतं. म्हणजे या माणसाला रात्रभरात एकदाही ते सलग पूर्ण करता आलेलं नाही.

आता याच माणसाला अजून २४ तास स्टेशनवर ठेवायचं का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर कॅलेंडरात सापडणार नाही. अशा रात्री महिन्यात एखाद-दुसऱ्या येत असतील तर ४८ तासांची ड्युटी निभावते. दर तिसऱ्या दिवशी येत असतील तर त्या स्टेशनला ती देऊ नका. एकाच दलात दोन स्टेशनांना दोन पद्धती देणं प्रशासनाला अवघड जातं, मान्य. पण अशक्य नाही. निदान जास्त वर्दीच्या स्टेशनवरून दुसऱ्या दिवशी शांत स्टेशनवर बदली द्यायची सोय चार्टमध्येच ठेवता येते.

‘ड्युटीवर झोपायला मिळतं ना?’

हे वाक्य बाहेरच्या लोकांकडून येतं तेव्हा वाईट वाटतं, आणि आपल्याच वरिष्ठांकडून येतं तेव्हा त्याचा परिणाम चार्टवर होतो. घंटेकडे कान लावून घेतलेली झोप आणि घरची झोप एक नाही. शिवाय गाढ झोपेतून उठल्यावर झोपेचा अंमल मेंदूवरून उतरायला साधारण १५ ते ३० मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. आपल्याला मात्र एक-दीड मिनिटात गाडी गेटबाहेर काढायची असते. याचा सगळ्यात मोठा भार ड्रायव्हरवर पडतो. पहाटे साधारण २ ते ६ हा शरीराच्या घड्याळाचा सगळ्यात मंद काळ, आणि नेमका तेव्हाच तो दहा-बारा टनांची गाडी रिकाम्या रस्त्यावर वेगात चालवत असतो.

सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाच्या हालचाली आणि प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवलं. दारू पिऊन कोणी बंब चालवायला बसला तर त्याला आपण क्षणभरही बसू देणार नाही. जागरणाला मात्र आपण शौर्य म्हणतो. हे बदलायला हवं, मनापासून सांगतो.

१२ तासांची पाळी म्हणजे आपोआप आराम, हा समज

२४ तास वाईट, म्हणून १२-१२ करा, असं सरळ गणित काही जण मांडतात. ते प्रत्येक ठिकाणी बरोबर येत नाही. शांत स्टेशनवर २४ तासांत सहा तास झोप मिळत असेल आणि १२ तासांच्या रात्रपाळीत ‘पाळी छोटी आहे, जागे राहा’ असा नियम आला, तर झोप उलट घटते. सलग चार रात्री दिल्या तर दिवसाची तुटक झोप साठत जाते आणि चौथ्या सकाळी घरी जाताना डोळे मिटायला लागतात. तो अपघात ड्युटीच्या नोंदीत येतही नाही. सलग दोनपेक्षा जास्त रात्रपाळ्या देऊ नका. आठ तासांच्या तीन पाळ्या असतील तर फिरवणूक सकाळ, दुपार, रात्र अशी पुढच्या दिशेने ठेवा. उलटी फिरवणूक शरीराला जास्त जड जाते.

पाळी बदलायची वेळही जपून निवडा. २४ तासांच्या पद्धतीत दिवसातून एकदा चार्ज दिला-घेतला जातो, १२ तासांच्या पद्धतीत दोनदा. म्हणजे बी.ए. सेटचा दाब, पंप, वायरलेस, होजची मोजणी हे सगळं दोनदा. ते नीट करायला २० मिनिटं लागत असतील तर ती पाळीच्या वेळेत धरा. आणि बदलाला पाच मिनिटं असताना घंटा झाली तर कोण जाणार, हे लेखी ठरवा. रिलिव्हरने (पुढच्या पाळीच्या माणसाने) सामान तपासून सही केलेली नाही, तोवर जुनी पाळी जाते, हा नियम मला सगळ्यात स्वच्छ वाटतो.

माणसं मोजताना केलेली घाई

एका बंबावर ५ जण. तीन पाळ्या म्हणजे १५, चार पाळ्या म्हणजे २०. पाच माणसं वाढवली की ४२ तासांचा आठवडा मिळाला, असा हिशेब मी बैठकीत ऐकलेला आहे. हे गणित रजेवर कोणीच जात नाही असं धरून चालतं.

एक खुर्ची, म्हणजे बंबावरची एका माणसाची जागा, वर्षभर भरलेली ठेवायला ८,७६० तास लागतात. ५६ तासांच्या आठवड्यात एका माणसाचे कागदावर २,९२० तास. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांत उदाहरणादाखल ४२० तास गेले तर उरतात २,५००. भागाकार करा, एका खुर्चीला साडेतीन माणसं, पाच खुर्च्यांना १८. आता ४२ तासांचा आठवडा: २,१९०मधून त्याच प्रमाणात ३१५ वजा केले की १,८७५ उरतात. एका खुर्चीला ४.६७, पाच खुर्च्यांना २४. मंजूर झाली २० आणि लागतात २४, तर उरलेल्या चौघांचं काम डबल ड्युटीने भरलं जाणार. मग कागदावर ४२ तास आणि प्रत्यक्षात पुन्हा ४९च्या आसपास. ४८ तासांच्या पद्धतीत तर वर आणखी २४ तासांची डबल ड्युटी म्हणजे सलग ७२ तास. सलग कमाल किती तास, हा आकडा आदेशात लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही नव्या पद्धतीला होकार देऊ नका.

रजेचंही तसंच. रजा ‘दिवसांत’ लिहिलेली असेल तर ती तासांत करून घ्या. २४ तासांच्या १० रजा म्हणजे २४० तास. १२ तासांच्या पाळीत त्या २० व्हायला हव्यात. आदेशात फक्त ‘१० रजा’ राहिलं तर निम्मी रजा गेली, आणि ते लक्षात येईपर्यंत वर्ष संपलेलं असतं.

कपडे आणि कंट्रोल रूम

या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशमन जवानाचं काम हे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. काजळी बसलेला फायर सूट पहिल्या दिवशी भिजला आणि दुसऱ्या दिवशी तोच घालायचा, हे ४८ तासांच्या ड्युटीत होणारच. प्रत्येकाला दुसरा सूट आणि स्टेशनवर तो धुण्या-वाळवण्याची सोय, हे आधी.

आणि कंट्रोल रूममधल्या माणसाला जवानांचाच चार्ट लावू नका. त्याला दोन वर्द्यांच्या मधे पडायलाही मिळत नाही, तो पूर्ण वेळ जागाच असतो.

सुरू केलं आणि काहीतरी बिघडतंय असं वाटलं तर

आधी एक सांगतो: सुरू करण्यापूर्वीचे सहा महिने नोंदवून ठेवलेले नसतील तर बिघडलं की सुधारलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. चाचणी वर्षभराची ठेवा, म्हणजे सगळे ऋतू त्यात येतात. पहिल्या दोन महिन्यांत मतदान घेऊ नका, तेव्हा लांब सुटीचा आनंद ताजा असतो.

आजारपणाची रजा ड्युटीच्या दुसऱ्या दिवशीच वाढतेय, असं हजेरीत दिसलं तर पहिली रात्र जड जातेय असं समजा. रजा घेणाऱ्याला नोटीस काढण्याआधी त्या रात्रीच्या वर्द्या बघा. ड्युटीची आपसातली अदलाबदल वाढली असेल तर कुणीतरी सलग तीन दिवस स्टेशनवर राहतोय का, ते तपासा. गाडी गेटबाहेर पडायला दुपारी लागणारा वेळ आणि पहाटे लागणारा वेळ यांतलं अंतर वाढत असेल, तर तो थकवाच.

गाडीचे किरकोळ ओरखडेही बघा. आमच्याकडे ४८ तासांची ड्युटी सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्या रात्री साडेचारला परतलेला बंब मागे घेताना खांबाला घासला आणि आरसा तुटला. ड्रायव्हर १८ वर्षांचा अनुभवी, त्या शेडमध्ये त्याने हजारो वेळा गाडी लावलेली. त्याला मेमो द्यायचं चाललं होतं. आम्ही रजिस्टर काढून दाखवलं: आदल्या रात्री तीन वर्द्या, त्या रात्री दोन. मेमो थांबला. त्यानंतर मध्यरात्रीनंतर गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं ठरलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तासांची झोप ठरली. पहिले काही आठवडे दुपारी कोणी झोपलंच नाही, साहेब अचानक आले तर काय म्हणतील ही धास्ती. मग चार्टवरच ‘१ ते ३ विश्रांती’ अशी ओळ छापून आली. त्या दिवसापासून दुपारी एकला बराकीतले दिवे बंद व्हायला लागले.