एक पेटी, बारा बाटल्या: मुरत जाणारी बोर्दो चाखण्याची रीत

जुन्या फ्रेंच रेड वाइनची एखादी बाटली एकदाच उघडायची, चाखायची आणि तिच्याविषयी मत ठरवून मोकळे व्हायचे, ही पद्धत फारशी उपयोगाची नाही. मुरणे ही वर्षानुवर्षे चालणारी क्रिया आहे आणि एका बाटलीत तिचा एकच टप्पा हाती लागतो. ती क्रिया खरोखर ओळखायची असेल, तर एकाच शातोची, म्हणजे स्वतःच्या द्राक्षमळ्यातून वाइन करणाऱ्या एकाच उत्पादकाची, एकाच सालची वाइन पेटीने घ्यावी आणि दहा-पंधरा वर्षांत एकेक बाटली उघडत जावी. फ्रान्सच्या बोर्दो भागातली चांगली वाइन सहा किंवा बारा बाटल्यांच्या लाकडी पेटीतून विकण्याची प्रथा या कामासाठी सोयीची आहे. सहा बाटल्याही चालतात, पण चुका करायला बारा बऱ्या.

बोर्दोमधील बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत पिण्यासाठी केलेली असते. ती पंधरा वर्षे ठेवली तर मुरत नाही, नुसती थकते. म्हणून जिरोंद या खाडीच्या डाव्या काठावरील मेदोक भागातली, शक्यतो पोइयाक किंवा सँतेस्तेफ येथील, काबर्ने सोविन्यों द्राक्षाचे प्रमाण जास्त असलेली वाइन निवडावी, कारण या द्राक्षाच्या जाड सालीतून येणारे टॅनिन हे तुरट द्रव्य वाइनला दीर्घकाळ तग धरू देते. उजव्या काठाकडच्या पोमरोल आणि सँतेमिलियोंमध्ये मर्लो या द्राक्षाचा भरणा असतो आणि त्या वाइन सहसा लवकर मवाळ होतात. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी केलेली, मुख्यतः मेदोकच्या वाइनची पाच श्रेणींची वर्गवारी आजही मान राखून आहे, परंतु त्या-त्या वर्षीचे हवामान श्रेणीइतकेच महत्त्वाचे असते. १९७५ च्या कित्येक वाइनमधील तुरटपणा इतका कडक होता की तो निवेपर्यंत फळाचा अंश ओसरून गेला. २००९ आणि २०१० ही लागोपाठची वर्षे दोन्ही उत्तम मानली जातात, तरी पहिल्याची वाइन भरदार आणि मोकळी, तर दुसऱ्याची ताठ आणि अधिक आंबट बांध्याची असते. दुसरीला जास्त वेळ द्यावा लागतो.

बाटल्या सुमारे १२ ते १३ अंश सेल्सियस तापमानाच्या, अंधाऱ्या आणि फार कोरडी नसलेल्या जागी आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच आतून ओले राहते. पहिली बाटली द्राक्षतोडणीनंतर पाचव्या किंवा सहाव्या वर्षी उघडावी. तिच्यात ब्लॅककरंट या लहान काळ्या फळाचा ठसठशीत वास, ओकच्या पिंपातून आलेली व्हॅनिलाची छटा आणि हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा मिळेल. पुढच्या एक-दोन बाटल्यांत मात्र ही वाइन मिटून बसलेली आढळू शकते: वास जवळजवळ नाही, फळ कुठे दिसत नाही आणि जिभेवर टॅनिन तेवढे उरते. अशा वेळी वाइन बिघडली असे समजून पेटी विकून टाकण्याची घाई करू नये. नोंद करावी आणि दोन-तीन वर्षे तिकडे फिरकू नये.

या काळात बाटलीच्या आत रंगद्रव्ये आणि टॅनिन एकमेकांशी जोडली जाऊन मोठे रेणू तयार होतात आणि त्यांतील काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून रेड वाइन वयाबरोबर फिकी होते, तर व्हाइट वाइन गडद होत जाते, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. रंग पाहण्यासाठी पेला एक तृतीयांशापेक्षा कमी भरून पांढऱ्या कागदावर तिरका धरावा आणि मधल्या भागाकडे न पाहता कडेकडे पाहावे. तरुण वाइनची कड जांभळट असते, नंतर ती माणकासारखी लाल होते, मग विटकरी, आणि शेवटी तपकिरी. कड विटकरी आणि मध्य अजून लाल असेल, तर वाइन बहुधा ऐन भरात आहे.

पंधरा वर्षांपुढची बाटली उघडण्याआधी निदान एक दिवस उभी ठेवावी. बूच भुसभुशीत झालेले असते, त्यामुळे स्क्रू पूर्ण लांबीचा वापरावा आणि हिसका न देता ओढावे. दोन पात्यांचे साधन असेल तर ते बुचाच्या दोन्ही अंगांनी हळूहळू आत सरकवून पिळत वर काढावे. वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतताना बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा टॉर्च ठेवावा आणि हात न थांबवता एकाच धारेने ओतावे. मानेच्या आत धुरासारखी काळपट रेघ सरकताना दिसली की त्याच क्षणी थांबावे. मागे राहिलेल्या दोन-चार घोटांचा लोभ धरला, तर सगळ्या पेल्यांत गाळाची कडवट कचकच येते. तरुण वाइनला डिकँटरमध्ये दोन तास मोकळे सोडले तरी चालते. फार जुनीला मात्र गाळ वेगळा करण्यापुरतेच ओतावे आणि लगेच वाढावे, कारण तिचा नाजूक वास हवेत पाहता पाहता विरतो.

वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. पेला न हलवता पहिला वास घ्यावा, कारण सर्वांत हलके सुगंध तेव्हाच मिळतात. नंतर पेला फिरवून दुसरा. मुरलेल्या मेदोकमध्ये ताज्या फळाची जागा सुक्या फळाने घेतलेली असते आणि त्याच्या मागून देवदाराचे लाकूड, तंबाखू, चामडे, अळंबी आणि पावसात भिजलेला पाचोळा असे वास येतात. ते सगळे एका दमात शोधू नयेत. दर वीस मिनिटांनी त्याच पेल्याकडे परत यावे. मी एकदा एक जुनी वाइन निर्जीव ठरवून बाजूला सारली होती. तासाभराने पेले आवरताना तिचा वास इतका उमलून आला होता की वहीतला शेरा खोडावा लागला.

घोट तोंडात दहा-बारा सेकंद फिरवावा. येथे मुख्य परीक्षा तुरटपणाची आहे. तो हिरड्यांवर खरखरीत लागतो, की बारीक पिठीसारखा, की रेशमी, हे शब्दांत लिहावे. गिळल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजावे. माझ्या मते वाइनच्या तब्येतीची याहून भरवशाची खूण नाही. आंबटपणा वयाबरोबर फारसा घटत नाही, म्हणून फळ ओसरले की तो एकटाच उघडा पडतो आणि वाइन रोडावलेली, टोकदार वाटू लागते. ही उताराची सुरुवात होय.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास हा बुचाचा दोष आहे, वयाचा नव्हे. तो पेल्यात वाढतच जातो आणि त्याला उपाय नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास ठळक असेल, तर तीही बाटली हिशेबात धरू नये आणि दुसरी उघडावी. जुन्या वाइनमध्ये एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही सारख्या निघत नाहीत.

वहीत तारीख, बाटलीचा क्रमांक, कडेचा रंग, तुरटपणा, चव रेंगाळल्याचे सेकंद आणि बाटली उघडल्यापासून गेलेला वेळ एवढे लिहिले तरी पुरे; मागचे पान मात्र चाखून झाल्यावरच उघडावे, नाहीतर नाक जुन्याच शब्दांच्या मागे धावते. लागोपाठच्या दोन निर्दोष बाटल्यांत सेकंद घटलेले आणि कड तपकिरी झालेली दिसली, तर पेटीत उरलेल्या बाटल्या पुढच्या वर्षभरात संपवाव्यात.